जोमामामांचं नख

जोमामामांनी कुणाला 'चांगला माणूस' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. फार खूश असले तर म्हणायचे, "अजून काय केला नाय त्यानं." देवळातल्या पुजाऱ्यापासून पनवेल स्टँडवरच्या रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी याच एका रांगेत उभं केलं होतं. पुढे त्या रांगेत मीही गेले. आणि लपवण्यात काय अर्थ आहे, मीही त्यांना माझ्या रांगेत उभं करून ठेवलंच होतं.

तळोज्याच्या एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना होता. पितळेचे नळीजोड, झडपांचे सुटे भाग, असला किरकोळ माल आम्ही बनवायचो. मी तिथे क्वालिटीला लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. तयार मालावर संशय घ्यायचा, मापं लावायची आणि पास की नापास ते लिहायचं, याचा मला पगार मिळायचा. मामा हेच काम हौसेने करत आणि त्यांना मालाशिवाय माणसंही चालत.

मामा व्हायब्रोवर होते. लेथवर धातू कापला की कडेला एक बारीक धारदार काठ उरतो. धंद्यात त्याला बर म्हणतात. एकेक भाग हातात धरून कानशीने बर काढायची म्हटलं तर जन्म पुरणार नाही. म्हणून शेकडो भाग एकदम व्हायब्रोत टाकतात. ही एक भलीमोठी गोल टाकी, आतून रबर लावलेलं, खाली मोटर. टाकीत बोराएवढे तिकोनी खडे भरलेले असतात. त्यात पाणी आणि साबणासारखं फेसाचं औषध सोडायचं आणि मोटर लावायची. मग सगळा ऐवज थरथरत, आतल्या आत गोल फिरत राहतो, खडे भागांना घासत राहतात आणि दोन-तीन तासांत कडा गुळगुळीत होतात. नंतर भाग चाळून काढायचे, धुवायचे आणि मक्याच्या कणसांच्या भरड भुशात घोळवून कोरडे करायचे. कारखान्यात त्या खड्यांना सगळे चिप्स म्हणत. मामा खडेच म्हणायचे, त्यामुळे माझ्याही तोंडात तेच बसलं.

बुटकी, काटक अंगकाठी, चष्म्याच्या काड्यांना मागून सुतळी बांधलेली आणि उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं. हे नख म्हणजे मामांचं खरं हत्यार. भाग टाकीतून निघाला की ते आधी तो डोळ्यांसमोर धरत, मग डोळे मिटून कडेवरून नख फिरवत. "डोला फसतो," म्हणायचे. माझ्याकडे भिंग होतं, मापाची पट्टी होती, सूक्ष्मदर्शकही होता. पण माझ्या भिंगाला न दिसलेली बर मामांच्या नखाला लागलेली मी कितीदा पाहिली आहे. नखाला काही लागलं नाही तरी ते भाग चांगला आहे असं म्हणत नसत. "आज तरी नाय गावला," एवढंच म्हणायचे आणि भाग ट्रेमध्ये ठेवायचे. म्हणजे दोष आहेच, आज फक्त लपलाय.

टाकीला टायमर होता, त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते मनगटावरच्या घड्याळात बघत. घड्याळावरही नव्हता, म्हणून शेजारच्या केमिकल कारखान्याचा भोंगा झाला की घड्याळ ताडून बघत. एकदा भोंगा आणि घड्याळ यांत चार मिनिटांचा फरक पडला, तर मामांनी दिवसभर त्या कारखान्याबद्दल नाही नाही ते तर्क लढवले. चहा स्वतःच्याच पेल्यात घेत आणि पेला कुलपात ठेवत. फेस दोन बोटांत चोळून वास घेतल्याशिवाय औषधाचं नवं पिंप वापरत नसत. टाकीला पोट टेकवून उभे राहत आणि थरथर जराशी बदलली की मोटर बंद करत. आम्ही हसायचो. चार-पाच वेळा पट्टा खरंच सैल निघाला, तेव्हा हसणं कमी झालं.

माझ्या नमुना तपासणीची त्यांना भारी गंमत वाटायची. हजार भागांच्या लॉटमधून मी दहा उचलायचे आणि ते ठीक असले की लॉट पास करायचे. सगळीकडे असंच चालतं. मामा शेजारी उभे राहून बघत.

"धा बगून हजाराचा सांगतेस, बाय? नवरा बगतानी पन असाच करशील का?"

मीही हसले होते. पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला पकडलं. माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये त्यांनी एक खोटा भाग मिसळला, त्याच्या आतल्या कडेला मुद्दाम ठेवलेली बर होती. नेमका तो माझ्या दहांत आला आणि मी तो पास केला. जेवणाच्या सुट्टीत मी आणि स्टोअरकीपर सावंत डबे उघडून बसलो होतो. मामा आले, तो भाग माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवला आणि म्हणाले, "हा तुजा." एवढंच बोलून गेले. सावंत खो खो हसला आणि मी डबा बंद केला. नव्या माणसाची अशी परीक्षा ते सगळ्यांचीच घेतात, हे मला नंतर कळलं. पण तोवर मनात अढी बसली ती बसलीच. माझ्याच टेबलावर येऊन माझीच चोरी पकडणारा हा कोण, असं वाटत राहिलं.

तरी कधीकधी बोलायचे. मामांचं घर मिठागरातलं. वाडवडील खाडीकाठी मीठ पिकवायचे. एकदा टाकी फिरत असताना त्यांनी सांगितलं, की त्यांची आई तेलाची अरुंद गळ्याची बाटली कशी धुवायची. मूठभर जाडं मीठ आत टाकायचं, चूळभर पाणी घालायचं, गळ्यावर हात दाबून बाटली हलवत राहायची. बाटली आतून लख्ख. मी म्हटलं, मामा, म्हणजे तुमच्या घरात व्हायब्रो आधीपासूनच होता की. ते हसले नाहीत. टाकीत हात घालून त्यांनी एक झिजलेला खडा काढला आणि मला दाखवला. वाटाण्याहून लहान झाला होता.

"मिठाचा खडा अडकला तरी पान्यात इरघलतो. यो कवा इरघलनार?"

मी मान डोलावली आणि विसरून गेले. खरं तर त्या दिवशी ते मला आपल्या पोटातली भीती सांगत होते. आम्ही तेव्हा होड्यांच्या इंजिनाला लागणारे डिझेलच्या नळीचे पितळी जोड बनवत होतो. जोडाला आरपार भोक, एका बाजूने रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद. नवा खडा त्या भोकात शिरूच शकत नाही. झिजून झिजून लहान झालेला खडा मात्र रुंद बाजूने आत जातो आणि अरुंद जागी पाचर मारल्यागत बसतो. मामा प्रत्येक जोडातून सायकलचा एक आरा घालून बघायचे. हजार जोड असले तर हजार वेळा. त्यांची बहीण उरणजवळच्या मोऱ्याला, बंदरावर दिलेली, भाचे दर्यावर जाणारे. "गाडी बंद पडली त खाली उतरून ढकलाची," ते म्हणायचे, "होडी बंद पडली त कुठं उतरनार?"

मग सावंताच्या लक्षात आलं की टाकीतले खडे फार लवकर कमी होतात. खडे बाहेरून यायचे, महाग असायचे, आणि शेठ दर वेळी नवी ऑर्डर द्यायला कुरकुरायचे. सावंताच्या दुसरंही एक लक्षात आलं, सकाळी हलका येणारा मामांचा डबा दुपारी जड होऊन जातो. त्याने शेठना सांगितलं, शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. पितळ जात असेल, भंगारवाल्याकडे पितळ हातोहात खपतं, तू जरा नजर ठेव, म्हणाले. कामाच्या नावाखाली मला हे करावं लागलं असं मी आता सांगू शकले असते. पण खरं सांगते, मला ते सांगितल्यावर बरं वाटलं होतं.

मी आठ दिवस नजर ठेवली. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की मामा एक पिठाची चाळण काढत, टाकीतलं काहीतरी चाळत, इकडेतिकडे बघत आणि मूठ डब्यात रिकामी करत. रोज. मी खांबाआडून बघितलं, वेळ लिहिली, तारीख लिहिली. डब्यात काय आहे ते मी एकदाही बघितलं नाही. दहा भाग बघून लॉट पास करणाऱ्या मला एकही न बघता माणूस नापास करायला काहीच जड गेलं नाही. रिपोर्टमध्ये 'वर्तन संशयास्पद' असे शब्द मीच लिहिले.

दुपारी तीनला पाळी सुटली तेव्हा गेटवर मामांचा डबा उघडला गेला. शेठ होते, सावंत होता, वॉचमन होता आणि मी. वरच्या कप्प्यात भाकरीचा तुकडा, मधल्यात सुक्या बोंबलाचं कालवण पुसून खाल्लेलं, आणि खालच्या कप्प्यात ओले, करडे, वाटाण्याहून लहान खडे. पितळेचा एक कणही नव्हता. वॉचमनने खडे तळहातावर घेऊन बघितले आणि त्याला काही कळेना.

मामांनी सांगितलं, की हे झिजलेले खडे भोकात अडकतात म्हणून ते वेचून काढतात. कचऱ्याच्या पिंपात टाकले की सावंत ते चाळून परत टाकीत ओतून टाकतो, माप भरायला. त्याला तीनदा सांगून झालं. म्हणून घरी नेतात. सावंत म्हणाला, मला कधी काही सांगितलं नाही. शेठ म्हणाले, खडा असो की पितळ, कंपनीचा माल न विचारता बाहेर नेला, याला दुसरा शब्द नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. झिजलेला खडा भोकात अडकतो का, हा प्रश्न क्वालिटीचा होता. उत्तर देणारी त्या गेटवर मी एकटीच होते. भोकात अडकलेला खडा मी स्वतः कधी पाहिला नव्हता हे खरं, पण मिठाची बाटली मला त्या क्षणी आठवली होती, हेही खरं. मी गप्प राहिले.

मामांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी डबा परत लावला, कडी बसवली, ती नीट बसली का ते दोनदा ओढून बघितलं. जाताना माझ्यापाशी थांबले.

"संशय घेतलास तो बराबर, बाय. डबा उघडून तरी बगाचा व्हतास."

यानंतर चार-पाच महिने सगळं सुरळीत चाललं. व्हायब्रोवर दुसरा माणूस आला. तो टायमर लावून मोबाइल बघत बसायचा. मी दहा उचलून हजार पास करत होते. टाकीतले खडे कमी होत नव्हते, म्हणून शेठ खूश होते. मामांचा आरा टाकीशेजारच्या खिळ्याला लटकत राहिला होता आणि कुणी काढत नव्हतं.

एका सकाळी उरणकडच्या एका इंजिन मेकॅनिककडून प्लास्टिकच्या पिशवीत आमचा एक जोड परत आला. सोबत चिठ्ठी होती. मोऱ्याची एक होडी ऐन समुद्रात बंद पडली होती. चार माणसं नांगर टाकून सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत तशीच बसून राहिली, मग दुसऱ्या होडीने दोर बांधून त्यांना ओढत आणलं. कुणाला काही झालं नव्हतं. डिझेल पुढे जात नाही म्हणून नळी सोडली, तर जोडात काहीतरी अडकून, त्याभोवती गाळ साचत साचत तो बुजलेला. मी जोड घेऊन टाकीपाशी गेले, खिळ्यावरचा आरा काढला आणि भोकात घातला. तो मध्येच टक्कन थांबला. जोड उलटा करून टेबलावर आपटला, तेव्हा एक करडा खडा बाहेर पडला. त्याचे तीन कोपरे अजून जरासे ओळखू येत होते.

त्या होडीत मामांचा भाचा होता की नाही ते मला आजही माहीत नाही. विचारण्याची हिंमत झाली नाही.

स्टोअरमध्ये पडून असलेला सगळा माल मी खाली काढायला लावला आणि एकेका जोडातून आरा घातला. तीन दिवस लागले, बोटांना फोड आले. आणखी अकरा जोडांत खडे सापडले. ते अकरा आणि पहिला, असे बारा खडे मी शेठच्या टेबलावर ओळीने ठेवले आणि सांगितलं, की माझा रिपोर्ट चुकीचा होता, तुम्ही तो फाडा, नाहीतर त्याच्यासकट मलाही काढा. शेठनी एक खडा उचलून चिमटीत फिरवला. मग सावंताला बोलावलं. सावंत या वेळी 'मला सांगितलं नाही' म्हणाला नाही. टाकी रिकामी झाली, नवे खडे आले, ठरावीक छिद्रांची चाळण आली आणि झिजलेले खडे माझ्यासमोर फेकायचे असं ठरलं. शेवटी शेठ म्हणाले, जोमाला घेऊन ये.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी मी त्यांच्या गावी गेले. पनवेलच्या खाडीच्या अंगाला गाव. मिठागरं कधीच गेली, आता पलीकडे विमानतळाची भिंत दिसते. मामा ओट्यावर बसले होते. मला बघून उठले नाहीत. मी पायरी चढणार, तेवढ्यात म्हणाले, चपला काढ. मी काढल्या आणि ओट्यावर पाय ठेवला. तळव्याला काहीतरी टोचलं, पण धार नव्हती. खाली बघितलं तर सगळा ओटा करड्या ठिपक्यांचा, सिमेंटात गच्च बसवलेले हजारो झिजलेले खडे. डब्यातून रोज मूठ मूठ आणलेले.

"कचऱ्यात टाकले त सावंत उचलील. खाडीत टाकले त भरतीला परत येतील," मामा म्हणाले. "आता काडून दाव म्हनावा त्याला."

मामी पाणी घेऊन आल्या. मामांनी नळाचं आहे म्हणून सांगितलं आणि नळाचंही काही सांगता येत नाही हेही सांगितलं. मी पाणी प्यायले आणि म्हणाले, मामा, माझं चुकलं. तुमच्यावर संशय घेतला, आणि गेटवर बोलायचं तेव्हा बोलले नाही. हे वाक्य मी बसमध्ये दहा वेळा म्हणून बघितलं होतं. मग होडीचं सांगितलं, बारा खड्यांचं सांगितलं. मामा ऐकत होते आणि अंगठ्याचं नख ओट्यावर घासत होते. मी विचारलं, तुम्ही सावंताला तीनदा सांगितलंत, मला एकदा तरी सांगायचं होतं. मी क्वालिटीची होते.

"तू सावंताच्या टेबलाव जेवाचीस," ते म्हणाले.

म्हणजे ते माझ्यावर नजर ठेवून होते आणि मी त्यांच्यावर. त्यांना मी सावंताची माणूस वाटले, मला ते चोर वाटले, आणि मधल्या मध्ये खडे जोडात जाऊन बसले. मला रडू आलं. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांनी मुद्दाम केलं असावं.

पिशवीतून मी एक जोड काढला. नव्या खड्यांच्या पहिल्या घाण्यातला होता. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, जोड उन्हात धरला, मग डोळे मिटून कडेवरून नख फिरवलं, बाहेरून, आतून, पुन्हा बाहेरून. एका टोकाला तोंड लावून फुंकर मारली आणि दुसऱ्या टोकाला तळहात धरला.

"आज तरी नाय गावला," म्हणाले, आणि जोड परत दिला.

परत कामावर याल का, विचारलं तर म्हणाले, शिमगा झाला की एकदा येईन, टाकी बघेन, मग ठरवेन, तुझ्या सांगण्यावर नाही. ते आले नाहीत. माघातच गेले, झोपेत, असं सावंतानेच मला सांगितलं. त्यामुळे त्या रविवारी बघितले तेवढेच मामा माझ्यापाशी उरले आहेत.

त्या दिवशी निघताना मी चपला घातल्या, मामींना नमस्कार केला आणि अंगण ओलांडून रस्त्याला लागले. वळणावर उगाच मागे बघितलं. मामा ओट्यावर गुडघे टेकून, मी बसले होते त्या जागेवरून तळहात फिरवत होते. मग एकेका खड्याच्या कडेला नख लावून बघू लागले, मी एखादा उपटून कारखान्यात परत तर नेला नाही ना, म्हणून. मी तिथेच उभी राहिले आणि त्यांची सगळी जागा तपासून होईपर्यंत हलले नाही.